कुणाचं घर कुठं होतं

तेरणाकाठच्या आमच्या गावात भूकंपाचा दिवस वर्षातून दोनदा येतो. एकदा तारखेनं, ३० सप्टेंबरला. त्या दिवशी किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ अधिकारी, पुढारी येतात, पुष्पचक्र वाहतात, पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात आणि वर्तमानपत्रांत ढिगाऱ्यांचे तेच जुने फोटो छापून येतात. दुसऱ्यांदा तो तिथीनं येतो. १९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला, बुधवारी होती. गावोगाव मिरवणुका निघाल्या, गणपती बोळवले, माणसं अंगावरचा गुलाल झटकत उशिरा घरी आली आणि दमून झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. त्यामुळं आजही गणपती बसले की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. तारीख कुठलीही असो, विसर्जनाची रात्र त्या जागून काढतात.

२०१२ साली तारीख आणि तिथी पुन्हा एकत्र आल्या. १९ वर्षांनी चतुर्दशी नेमकी २९ सप्टेंबरला पडली. त्या रात्री नव्या गावात कुणी दिवे मालवले नाहीत. लेकरांना अंथरुणं अंगणात घालून दिली होती. पक्की, सिमेंटची घरं मोकळी आणि माणसं बाहेर. चार वाजून गेले, कुठंतरी कोंबडा आरवला, तेव्हा बायका उठून चुलीकडं गेल्या. त्या रात्रीबद्दल नंतर कुणी कुणाशी बोललं नाही.

मी भूकंपाच्या वेळी सहावीत होते. आता त्याच गावाच्या, म्हणजे नव्या जागी वसवलेल्या गावाच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं ज्या घरांबद्दल सांगणार आहे ती माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या दुःखावर त्यांच्या नावानिशी बोलायचा हक्क त्यांचा आहे. जी ५२ गावं पूर्ण जमीनदोस्त झाली त्यांतलं ते एक, एवढं पुरे.

आमचं जुनं घर म्हणजे पुढं ढाळज, मग चौक, चौकाच्या भोवती खण आणि मागं अंधाऱ्या खोल्या. त्या रात्री मी आईजवळ मधल्या खणात झोपले होते. धाकटा भाऊ मिरवणुकीत नाचून नाचून आजीच्या मांडीवरच झोपला होता, म्हणून आजीनं त्याला मागच्या खोलीत आपल्याजवळ घेतलं. अण्णा रानात राखणीला गेले होते. पौर्णिमेचं चांदणं होतं म्हणतात. मला चांदणं आठवत नाही. आधी जमिनीच्या पोटातून आवाज आला, तो आठवतो. मग काय वर आणि काय खाली ते कळेना, आणि मग धूळ. तोंडात, नाकात, डोळ्यांत धूळ. आमच्या डोक्यावरचे खांब आणि तुळया तिरप्या होऊन अडकल्या होत्या. त्या पोकळीत मी आणि आई होतो. आई माझं तोंड पदरानं पुसत होती आणि मागच्या खोलीकडं हाका मारत होती.

अण्णा उजाडता उजाडता आले. नंतर ते सांगायचे, की पांदीतून येताना गाव दिसायला हवं तिथं दिसेना, वाट चुकली असं वाटलं. त्यांनी आणि शेजारच्या रानातल्या दोघांनी मिळून हातांनी माती उकरली. आम्ही दुपारच्या आत निघालो. आजी आणि भाऊ दुसऱ्या दिवशी मिळाले. आजीचा हात त्याच्या डोक्यावर होता. दोघांच्या अंगावर कुठं मोठी जखम नव्हती. धुळीनं गुदमरले, असं मिलिटरीच्या डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं. तसे पुष्कळ जण गेले.

पुढच्या दिवसांचं मी फार लिहिणार नाही. घरांच्या तुळया, दारं, पाळण्याच्या दांड्या, सगळं लाकूड चितांना गेलं, आणि त्यात पाऊस लागला. लिंगायतांना आपली माणसं पुरायची होती, पण खड्डे खणायला माणसं उरली नव्हती. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले होते, लष्कर आलं, महाराष्ट्रातून ट्रक भरभरून भाकरी आणि कपडे आले. नुसतं बघायलाही लोक आले, इतके की रस्ते तुंबले आणि जखमींच्या गाड्या अडकल्या. त्याची चीड माझ्या आईच्या मनातून आजही गेलेली नाही. पण ज्यांनी नाकाला फडकं बांधून आमची माणसं काढली, ओळख ना पाळख अशी पोरं, त्यांना ती रोज संध्याकाळी दिवा लावताना हात जोडते.

शाळेत ३० सप्टेंबरचा कार्यक्रम दरवर्षी होतो. फोटोला हार, दोन मिनिटं उभं राहणं, एक-दोन भाषणं. मी नोकरीला लागले तेव्हा भाषण माझ्याकडं आलं, कारण शिक्षकांत त्या रात्री गावात असलेली मी एकटीच. मी आकडे सांगायची. भूकंप ६.४ रिश्टरचा, उद्ध्वस्त गावं ५२, जिल्हे लातूर आणि उस्मानाबाद. मृतांचा आकडा सांगताना मात्र अडायला व्हायचं. छापील कागदांत दोन आकडे सापडतात, ७,९२८ आणि ९,७४८. दोन्ही ठिकठिकाणी छापलेले आहेत, दोन्ही खात्रीनं सांगितले जातात. मधला फरक १,८२० माणसांचा आहे. एवढी माणसं म्हणजे आमच्याएवढं एक आख्खं गाव. ते गाव एका कागदावर मेलेलं आणि दुसऱ्या कागदावर कुठंच नाही. त्या भाषणाच्या वेळी मुलं पाय बदलत उभी असायची. त्यांची चूक नव्हती. त्यांच्या आईबापांतले पुष्कळ जण तेव्हा स्वतःच लेकरं होते. आकड्याला तोंड नसतं, त्याच्याशी लेकरू बोलणार काय?

मग एका वर्षी कार्यक्रम उरकल्यावर चौथीतली एक मुलगी माझ्या मागं मागं वर्गात आली. म्हणाली, "मॅडम, जुन्या गावात आमचं घर कुठं होतं?"

मला सांगता आलं नाही. तिच्या आजोबांना मी ओळखत होते, त्यांच्या तोंडून भूकंप ऐकला होता, पण घर? वेशीच्या आत की बाहेर, मारुतीच्या अलीकडं की पलीकडं? मी घरी येऊन आईला विचारलं. आई भांडी घासत होती, घासतच राहिली.

नव्या गावात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. जुनं गाव कसं वाढलं होतं? भावकीला भावकी चिकटून. एकाच्या ओसरीतून दुसऱ्याच्या ओसरीत वाट, भिंत दोघांत एक, आडावर जाताना चार दारांत थांबायचं. पुनर्वसनात घरं दिली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ रस्ते, मोठे प्लॉट, एका मापाची घरं एका रांगेत. जागतिक बँकेचं कर्ज होतं, देशभरच्या संस्थांनी गावं दत्तक घेऊन बांधून दिली, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेल्या आम्हाला त्या घरांत जाताना जे हायसं वाटलं ते मी विसरणार नाही. ज्यांनी ते केलं त्यांचे उपकार आहेत. पण चुलता २५० च्या रांगेत गेला आणि अण्णा ४५० च्या. दोघांची घरं गावाच्या दोन टोकांना. जुन्या गावात चुलतीनं फोडणी दिली की आमच्याकडं ठसका लागायचा. नव्या गावात ती आजारी पडलेली आम्हाला दोन दिवसांनी कळली. गाव वाचलं, शेजार गेला. आता तिसऱ्या पिढीला तर असा शेजार होता हेच ठाऊक नाही.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नावरून आम्ही वर्गात नकाशा काढायला घेतला. ड्रॉइंगचे कागद डिंकानं जोडून मोठा ताव केला. मी मधोमध मारुतीचं देऊळ, पार, वेस आणि आड एवढं काढून दिलं, तेवढं मला पक्कं आठवत होतं. बाकी मुलांनी भरायचं. प्रत्येकानं घरी, नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, की तुमचं घर कुठं होतं, उजव्या हाताला कोण, डाव्या हाताला कोण, समोर कोण, आणि त्या घरात त्या रात्री कोण कोण कुठं झोपलं होतं.

पहिल्या आठवड्यात आलेली माहिती एकमेकींशी जुळेना. मुलं गोंधळली, मीही. मग लक्षात आलं की पुरुषांचं गाव वेगळं आणि बायकांचं वेगळं. पुरुष सांगत ते पारापासून: पारासमोर दुकान, दुकानाच्या वरच्या अंगाला पाटलाची गढी, तिथून वेस. मधली घरं त्यांना गाळलेली चालत. बायका सांगत त्या आडापासून. आमच्या आळीतल्या एका आजींकडं मी स्वतः मुलांबरोबर गेले होते. त्यांनी जमिनीवर बोट फिरवून सांगायला सुरुवात केली. "आडाहून निघालं की पहिला दगडी उंबरा, मधी झिजलेला. मग नालीवरची फरशी, ती हलायची, घागर जपून न्यायची. मग तीन पायऱ्या. मग गोठ्याचं दार, तिथं शेण असायचं." मी विचारलं, "आजी, घर कुणाचं ते सांगा ना." त्या म्हणाल्या, "माय, मला वर बघायची मुभा कुठं होती? पदर डोळ्यापुढं. म्या उंबरं बघितल्यात, घरं नाही." मग एकेका उंबऱ्यावरून त्यांनी एकेक घर ओळखून दिलं. झिजलेला उंबरा सोनारांचा, हलती फरशी चुलत सासऱ्यांच्या दारातली, तीन पायऱ्या तेल्यांच्या. त्यांनी बारा घरं ओळीनं सांगितली, एकही गाळलं नाही. त्यांतल्या सात घरांत माणसं गेली होती. ती नावं सांगताना त्यांचं बोट त्या त्या उंबऱ्यावर थांबायचं.

त्या दिवसापासून आम्ही नकाशा आडापासून काढायला लागलो.

वेशीबाहेरच्या वस्तीचा भाग तर आतल्या कुणालाच नीट सांगता येईना. "तिकडं होती दहा-पाच घरं," एवढंच. ती दहा-पाच नव्हती, तीसच्या वर होती. वस्तीतल्या मुलांनी तो सगळा तुकडा आपला आपण काढून आणला, अगदी बुद्धविहाराच्या जागेसकट. आणि तो काढताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मला इतकी वर्षं ठाऊक असूनही दिसली नव्हती. वस्तीत मेलेली माणसं कमी होती. गढीच्या आणि वाड्यांच्या आळीत सर्वांत जास्त. वस्तीतल्या झोपड्यांना पत्रा होता, पाचट होतं, ते अंगावर पडलं तरी माणूस उठून बाहेर येऊ शकला. वाड्यांना माळवद होतं.

हे मुलांना समजलंच पाहिजे, म्हणून ३० सप्टेंबरच्या भाषणाऐवजी मी आता भिंतीचा धडा घेते. आमच्याकडच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती मजबूत! पण ती एक भिंत नसायचीच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधे माती नि गोटे भरलेले. दोन्ही थरांना शिवणारा लांब दगड, गवंडी ज्याला जोडदगड म्हणतात, तो क्वचित. वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. जुना कुणी काढायचं नाही. आजोबांनी टाकलेल्या मातीवर बापाची, बापाच्या मातीवर लेकाची, असं ओझं पिढ्यान्पिढ्या वाढत गेलं. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर सुटून एक आत आणि एक बाहेर पडला आणि वरचं सगळं खाली आलं. कित्येक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतींनीच माणसं मारली. मी आणि आई त्या सांगाड्यामुळं वाचलो. आजी आणि भाऊ भिंतीजवळ होते.

वर्गात मी टेबलावर पुस्तकांच्या दोन चळती शेजारी शेजारी रचते आणि मुलांना टेबल हलवायला सांगते. चळती दोन दिशांना कोसळतात. मग पुन्हा रचताना मधे मधे लांब पट्ट्या घालते, दोन्ही चळतींतून आरपार. आता टेबल हलवलं तर पुस्तकं सरकतात, डुलतात, पण चळत उभी राहते. मुलं पुन्हा पुन्हा करून बघतात. त्यांच्यातली पुढं गवंडी होतील, ठेकेदार होतील, घर तर प्रत्येक जण बांधेल. भूकंपानंतर मराठवाड्यात ज्या गावांना हलवलं नाही तिथं जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती नि मजबुतीकरण झालं, त्यात भिंतीला भोकं पाडून सिमेंटचे जोडदगड बसवणं हेही काम होतं, आणि गावागावांत बाया 'संवाद सहायक' म्हणून घरोघरी जाऊन ते समजावत होत्या. हे ज्ञान एवढ्या जिवांच्या मोलानं आलेलं आहे. ते एका पिढीत आटून जावं, हे मला सहन होत नाही. आमच्या नव्या गावातही आता कुणी कुणी घरामागं दगड-मातीची खोली चढवतं. स्वस्त पडते, उन्हाळ्यात गार राहते. मी त्यांच्या दारात जाऊन सांगते. काहींना राग येतो, येऊ दे.

आणखी एक गोष्ट मी मुलांपासून लपवत नाही. भूकंप पूर्वसूचनेवाचून आला, असं भाषणांत म्हणतात. पण १९९२ सालीच किल्लारीच्या टापूत हादरे बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. ऑक्टोबरमधला धक्का तर चांगला मोठा होता. लोक आठवडे-आठवडे बाहेर झोपले, आम्हाला दुसरीकडं हलवा असं म्हणाले. पण दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही, अशीच तेव्हाची समजूत होती. नकाशावर आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो नकाशा बदलला आणि आम्ही तिसऱ्या पट्ट्यात आलो, आमची माणसं गेल्यावर. हादरे थांबले तशी माणसं घरात झोपायला गेली. कुणाला नेमका दिवस सांगता आला नसता, आजही येत नाही. पण भिंती तर बघता आल्या असत्या. एवढं एक वर्ष हातात होतं.

२०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज यायला लागले, सौम्य धक्के नोंदले गेले, लोक बाहेर झोपू लागले. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुलांनी आपण होऊन घराघरांतली कपाटं आणि माळ्यावरचं जड सामान कुठं आहे ते बघितलं आणि आजी-आजोबांच्या खाटा भिंतीपासून लांब सरकवल्या. मी सांगितलं नव्हतं. नकाशावर कोण भिंतीजवळ झोपलं होतं हे त्यांनीच लिहिलेलं होतं.

गावात या सगळ्याला विरोध करणारेही आहेत, आणि ते वाईट माणसं नाहीत. एक काका मला म्हणाले, "लेकरांला कशाला सांगत बसतीस? त्यांनी पाहिलं नाही ते बरं झालं." त्यांचं सगळं घर गेलं होतं, बायको आणि तीन मुलं. नंतर दुसरं लग्न झालं, नवी मुलं झाली. त्या मुलांना आधीच्या भावंडांची नावंही सांगितलेली नव्हती. मी त्यांना काय उत्तर देणार? गप्प राहिले. पण माझं मत बदललं नाही. पितृपक्षात आमच्याकडं ज्याची तिथी माहीत त्याचं त्या तिथीला पान वाढतात, अपघाती गेलेल्यांचं चतुर्दशीला, आणि ज्यांचं करणारं कुणी उरलं नाही त्यांचं सर्वपित्रीला. आमच्या गावात चौदा घरं अशी आहेत की त्यांत एक माणूसही उरलं नाही. त्यांचं पान कुणी वाढायचं? गावानं. पण गावाला त्यांची नावं तरी ठाऊक असली पाहिजेत ना? मी देवाधर्माची फार बाई नाही, पण ज्याच्या दारावरून आपण रोज पाणी नेलं त्याचं नाव पुढच्या पिढीला न सांगणं हे मला त्याला पुन्हा गाडल्यासारखं वाटतं.

ते काका पुढच्या वर्षी आपण होऊन शाळेत आले. नकाशापुढं बराच वेळ उभे राहिले, आपलं घर शोधलं आणि त्यावर धाकट्या मुलाकडून तिन्ही नावं लिहवून घेतली. अक्षर चांगलं काढ, एवढंच त्याला म्हणाले.

माझी आई अजून नकाशा बघायला आलेली नाही. मी घरी त्याबद्दल बोलते तेव्हा ती ऐकत असते. आमचं घर मी माझ्या आठवणीनं काढलं होतं. ढाळज, चौक, चौकात डाव्या हाताला तुळस. एका संध्याकाळी भाकरी करता करता ती म्हणाली, "तुळस उजव्या हाताला होती. डाव्या हाताला त्याचा पाळणा टांगायचो." मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं.

नकाशा आता बराच भरला आहे. जुन्या गावठाणात वेडी बाभूळ इतकी माजली आहे की आत शिरता येत नाही, पण मुलं काठावर उभी राहून बोट दाखवून सांगू शकतात, इथं कुंभार, तिथं मशीद, त्याच्या मागं आमचं. किल्लारीला स्तंभावर जाऊन आलेली मुलं मला म्हणाली, की मॅडम, तिथंही असा नकाशा हवा. मला ते मनापासून पटलं. ५२ गावांच्या ५२ शाळांनी हे काम केलं, तर दोन आकड्यांमधला तो फरक कुणाच्या नावाचा आहे, हेही कदाचित घरावरून घर मोजून कळेल. मात्र घाई करायला हवी. त्या बारा उंबऱ्यांच्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या आळीपुढची ओढ्याकडची आळी त्यांना ठाऊक नव्हती, कारण तिकडं त्यांचं पाणी नव्हतं.

ती ओढ्याकडची आळी अजून अर्धी कोरी आहे. तिथला एक मुलगा सहावीत माझ्या वर्गात होता. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी शिक्षणासाठी १,२०० मुलं पुण्याला नेली, त्यांत तो गेला. तिकडंच शिकला, तिकडंच नोकरीला लागला. त्याला फोन केला. आधी म्हणाला, मला काहीच आठवत नाही. मग तासाभरानं त्यानंच फोन केला आणि एका दमात ओळीनं पाच घरं सांगितली, कुणाच्या दारात शेवगा होता आणि कुणाचं कुत्रं चावायचं इथपर्यंत. सहाव्या घरावर तो अडला. त्याच्या मते ते न्हाव्यांचं. आमच्याकडचे एक आजोबा म्हणतात, न्हाव्यांचं त्याच्या पलीकडं, हे विणकरांचं. दोघंही ठाम आहेत. न्हाव्यांची एक लेक उमरग्याला दिली होती, ती आहे असं कळलंय. येत्या शनिवारी शाळा सकाळची आहे. दुपारच्या एसटीनं सातवीच्या दोन मुली आणि मी तिच्याकडं जाणार आहोत. तोवर त्या चौकोनात पेन्सिलनं दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत.